दुकान वाढवायच्या आधीची वीस मिनिटं

सातवी-आठवीत असताना मी दादांना (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) एका संध्याकाळी विचारलं, "दुकान बंद करू का?" ते म्हणाले, "बंद म्हणू नये. वाढवू का म्हण. आणि मेळ बसल्याशिवाय शटरला हात लावू नकोस."

आमचं हार्डवेअरचं दुकान. पाइप, एल्बो, टी, नळ, खिळे, रंग. दादांचा रोजमेळ म्हणजे सकाळची शिल्लक, त्यात दिवसाची जमा, त्यातून हमाली-चहा-टेम्पोचा खर्च वजा, आणि उरेल तेवढी रक्कम गल्ल्यात मोजून मिळायला हवी. दहा रुपयांचा फरक असला तरी ते बसून राहायचे. जेवण थंड व्हायचं, आई चिडायची. मला तो हट्ट वाटायचा. दहा रुपये खिशातून टाकावेत आणि घरी जावं, असं मनात यायचं. पण त्यांचा जीव त्या दहा रुपयांत नसायचा. फरक शोधताना दिवसभराचं प्रत्येक गिऱ्हाईक पुन्हा डोळ्यांसमोरून जातं, आणि लिहायचं राहिलेलं काहीतरी हमखास सापडतं.

दुकान माझ्याकडे आल्यावर मी कॉम्प्युटर घेतला आणि हा रिवाज सोडला. बिलं निघत होती, यूपीआयचे पैसे खात्यावर दिसत होते, मग मेळ कशाला? दोन-अडीच वर्षं असंच चाललं. आमच्याकडे एक प्लंबर यायचे, दादांच्या काळापासूनचे. घाईत माल न्यायचे, "लिहून ठेवा" म्हणायचे. मी कधी लिहायचो, कधी "रात्री लिहू" म्हणून ठेवायचो. हिशोबाला बसलो तेव्हा माझा आकडा 18,400 आणि त्यांचा 11,000. दोघंही खरं बोलत होतो, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी त्यांचा आकडा मान्य केला, तरी ते पुन्हा आले नाहीत. "शेठ, तुम्ही मला खोटं ठरवलंत" एवढंच म्हणाले. पैसे मी विसरलो, ते वाक्य अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून रोज रात्री वीस मिनिटं बसतो. फोनवर आलेले पैसे दिसतात, यायचे राहिलेले दिसत नाहीत. ते आपल्यालाच आठवावे लागतात, आणि माणसाला आजचंच नीट आठवतं. परवाचं आठवत नाही, रचलं जातं.

छोट्या दुकानदार मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. उधार मालाचे पैसे कोर्टात मागायची मुदत साधारणपणे 3 वर्षांची असते. ती संपायच्या आत समोरच्याने "इतकं देणं आहे" असं लिहून सही केली, तर मुदत तिथून नव्याने सुरू होते. म्हणून पाडव्याला नवी वही सुरू करताना जुनी बाकी तर तुम्ही पुढे ओढताच, पण तिच्याखाली गिऱ्हाइकाची सहीही घ्या. कोर्टात जायची वेळ बहुधा येत नाही. सही मागताना आकड्यावर बोलणं होतं, आणि जे बोलायचं ते गोडीगुलाबीत बोलून होतं.

हे फक्त दुकानाचं नाही. माझी बहीण सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटी बदलताना कोणत्या पेशंटला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, हे पुढच्या सिस्टरला सांगितल्याशिवाय ती निघत नाही. बस चुकली तरी चालेल म्हणते. ऑफिसातल्या माणसाला मात्र असं कुणी विचारत नाही. तो लॅपटॉप मिटतो आणि अर्धी कामं डोक्यात घेऊन घरी येतो. जेवताना मुलगी शाळेतलं सांगत असते आणि याला न पाठवलेला मेल आठवत असतो. हल्ली पहाटे पाचला उठायचं फार कौतुक होतं. उठा, चांगलंच आहे. पण कालचा दिवस अर्धवट पडलेला असेल तर पहाटे उठून माणूस आधी तोच निस्तरत बसतो. निघण्यापूर्वी कागदावर तीन-चार ओळी लिहा. काय झालं, काय राहिलं, कुणाला काय कबूल केलं. कबूल केलेलं तर नक्कीच लिहा, कारण समोरचा ते विसरत नाही.

दादा आता दुकानात येत नाहीत. रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन येतो, "बसला का मेळ?"

आज चाळीस रुपये जास्त निघाले. बराच वेळ ते कुठून आले हे कळत नव्हतं, मग लक्षात आलं. दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या आजी नळाचा वायसर घेऊन गेल्या, पन्नासची नोट दिली होती आणि माझ्याकडे सुट्टे नव्हते. त्यांचं नाव लिहून ठेवलंय. उद्या दुकान उघडायच्या आधी देऊन येतो.