तीन चौकटी, एक कुटुंब आणि आमचे ड्रॉइंगचे सर

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक जुनी व्यंगचित्रांची स्ट्रिप फिरत आली. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांवरून आमच्या नाशिकमध्ये सध्या रोज जुंपते, त्यात कुणीतरी ती टाकली. पहिल्या चौकटीत एक माणूस किटली घेऊन दूध आणायला निघालाय. समोर बॅरिकेड. तो वळतो, तिथेही बॅरिकेड. आणि शेवटच्या चौकटीत गृहस्थ रामकुंडात कमरेइतक्या पाण्यात उभे, हातातल्या किटलीत गोदावरी. एकही शब्द नाही. ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. एक जण म्हणाला, "कुणीतरी भारी काढलंय."

कुणीतरी! उजव्या कोपऱ्यातली सही आधीच कुणीतरी नीट कापलेली होती, मग बिचारा तरी काय म्हणणार.

ही स्ट्रिप २०१५च्या सिंहस्थातली. पहिल्या पर्वणीला, म्हणजे शाही स्नानाच्या दिवशी, गावभर एवढी बॅरिकेड्स लागली होती की नाशिककरांनाच आपल्या गल्लीतून बाहेर पडता येईना. त्यावर अग्रलेख झाले, बैठका झाल्या. पण आज कुणाला आठवतंय तर ती किटली आठवते. आणि ज्यांनी ती काढली त्यांची स्ट्रिप मी शाळेत असल्यापासून वाचत आले, कात्रणं काढत आले. तेव्हा त्यांच्यावर लिहिण्याचा थोडा हक्क मला आहे असं मी समजते.

त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. सरांनीच बजावलंय, "काय लिहायचं ते लिही, पण नाव टाकून मला त्या पेपरवाल्यांच्या तोंडी देऊ नकोस." सही कापली म्हणून चिडायचं आणि स्वतःच नाव झाकायचं, यातला विनोद माझ्याही लक्षात आलाय. जुन्या नाशिककरांना दोन ओळींत कळेलच.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. सकाळची शाळा, दुपारी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे जादा तास, आणि रात्री जेवणाचं टेबल पुसून झालं की त्याच टेबलावर ड्रॉइंग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वाचकांच्या पत्रांच्या पानावर त्यांचं एका कॉलमचं पॉकेट कार्टून यायला लागलं. आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन १९५१ पासून टाइम्समध्ये उभा होता, त्यामुळे त्या काळात ज्याच्या हातात पेन त्याला तेच काढायचं असायचं. सरांनीही तेच काढलं. मंत्री, खड्डा, खड्ड्यात मंत्री.

त्या पेपरची छपाई तेव्हा शिशाच्या अक्षरांची, म्हणजे खिळ्यांची. चित्राचा जस्ताचा ब्लॉक बनायचा, आणि ॲसिडमध्ये बारीक रेघा खाल्ल्या जायच्या. सर सांगतात, एखाद्याला छान बारीक रेघांचे केस काढावेत तर सकाळी पेपरात त्याला टक्कल पडलेलं असायचं. म्हणून त्यांनी निब सोडून ब्रश धरला आणि रेघ जाड केली. पुढे लोक त्याला त्यांची शैली म्हणू लागले. सर त्याला "ब्लॉकमेकरची कृपा" म्हणतात.

मग २१ नोव्हेंबर १९९१ ला पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. घरोघरी मुलं पेपर हिसकावून आधी चिंटू शोधायला लागली, तसा आमच्या इथल्या पेपरलाही आपला एक चिंटू हवासा झाला. सरांना बोलावणं आलं. मानधनाचं विचारू नका. एका स्ट्रिपच्या पैशात दोन मिसळी यायच्या म्हणे, जादा पाव स्वतःच्या खिशातून.

त्यांनी चिंटू काढला नाही, हे त्यांचं पहिलं शहाणपण. त्यांनी सिडकोत, पाचव्या स्कीममध्ये राहणारं एक कुटुंब काढलं. बाप अंबडला कंपनीत, शिफ्टवाला. आई घरी. एक मुलगा, एक मुलगी. आणि निफाडहून येऊन राहिलेली आजी, जिला जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत लासलगावच्या कांद्यात सांगितल्याशिवाय कळत नसे. नातू बुटांचा भाव सांगतो, आजी विचारते, "म्हंजी किती क्विंटल?"

आता खरं सांगते. पहिली काही वर्षं स्ट्रिप सुमार होती. लाटणं घेतलेली बायको, पेपरामागे तोंड लपवणारा नवरा, फुकट चहा प्यायला येणारा शेजारी. सगळे उष्टे विनोद. त्यात ज्ञानेश सोनारांसारखा नामवंत व्यंगचित्रकार याच गावात राहून दिवाळी अंक गाजवत होता. लोक तुलना करायचे आणि सर त्यात मार खायचे. माझे वडील तर स्ट्रिप वाचून "हं" म्हणायचे आणि पान उलटायचे. ते "हं" मला अजून ऐकू येतं.

मग स्ट्रिप सुधारली. एका दिवसात नाही, आणि नेमकी कधी हे मलाही कात्रणं पुन्हा चाळल्यावरच दिसलं. झालं असं की सरांनी विनोद करायचं हळूहळू सोडलं आणि गाव काढायला घेतलं. सीबीएसवर, म्हणजे मधल्या बसस्टँडवर, उभं राहून तीनदा पाटी वाचणारा म्हातारा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची की नाही यावर तीन चौकटी काठावर उभा राहणारा जावई. सप्टेंबर २००८च्या पुरातली स्ट्रिप तर बऱ्याच जणांना आठवत असेल. आजी गावाहून फोनवर विचारतेय, "पाणी कुठवर आलं?" नातू सांगतो, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला." दुसरी चौकट, "आता?" "छातीला." तिसऱ्या चौकटीत होळकर पुलावर ही झुंबड, छत्र्या, खांद्यावर पोरं, भेळवाला, आणि नातू ओरडतोय, "आजी, आता मारुती दिसत नाही. माणसं आडवी आली." नाशिकच्या बाहेरच्या माणसाला यात काय कळणार? मारुतीवरून पूर मोजतात हेच त्याला आधी समजावून सांगावं लागेल. आणि समजावलं की गेलंच सगळं.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती मोठी होती. त्यांनी माणसांचं वय वाढू दिलं. चिंटू १९९१ला जेवढा होता तेवढाच राहिला, आणि तेच त्या स्ट्रिपचं बळ आहे. सरांच्या स्ट्रिपमधला मुलगा मात्र दहावी झाला, डिप्लोमा झाला, हिंजवडीला लागला. शनिवारी रात्री तो नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचा आणि रविवारी संध्याकाळी डब्यासकट परत. नाशिकच्या किती घरांतून हे चाललंय हे मी सांगायला नको. बापाची कंपनी मंदीत आली, त्याला घरी बसवलं. हे स्ट्रिपमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. एक दिवस तो फर्स्ट शिफ्टच्या वेळेला बनियनवर गॅलरीत उभा दिसला, एवढंच. दुसऱ्या दिवशीही उभा. तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्या हातात कणकेची परात दिली.

तिनं पोळी-भाजी केंद्र काढलं होतं. आणि पहिल्या वर्षांतल्या त्या सुमार विनोदांमधलं लाटणं परत आलं, पण आता ते तिच्या धंद्याचं हत्यार होतं. एका स्ट्रिपमध्ये नवरा पोळी लाटतोय, नकाशासारखी झालीय, आणि ती कमरेवर हात ठेवून नुसती बघतेय. तिन्ही चौकटींत बघतेय. संवादाचा फुगा एकही नाही. फक्त तिसऱ्या चौकटीत तिच्या भुवईची रेघ किंचित वर गेलीय. हे काढणारा माणूस दहा वर्षांपूर्वी तीच बाई लाटणं घेऊन नवऱ्याच्या मागे पळवत होता! मी ती स्ट्रिप आईला दाखवली तर आई म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे?" आणि हसली.

यासाठीच मी म्हणते की स्ट्रिपवाल्याचं काम एका चित्रावरून जोखताच येत नाही. राजकीय व्यंगचित्र त्या दिवसाचं असतं, एका घावात काम. स्ट्रिपचं तसं नाही. मंगळवारची एकटी काढून दाखवली तर कुणीही विचारेल, यात काय आहे? काहीच नसतं. बापाच्या खांद्याची रेघ घ्या. सुरुवातीला ती ताठ आडवी होती, पुढे पुढे ती उतरत गेली. रोज बघणाऱ्याच्या ध्यानातही आलं नाही. मी जुनी वही उघडून शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा चरकले. पुरस्कार देणाऱ्यांना एक उत्तम चित्र लागतं, फॉरवर्ड करणाऱ्यांनाही एकच लागतं. किटली दोघांनाही पुरते. बाकीची वीस-बावीस वर्षं कुठे मांडायची?

पेपरनं तर मांडायचा प्रश्नच ठेवला नाही. जाहिरात आली की स्ट्रिप दाबायची, हा नियम. चार कॉलमची जागा तीन कॉलम झाली की डेस्कवरचं पोरगं काँप्युटरवर चित्र दोन्ही बाजूंनी आत ढकलायचं. सगळे एकदम उंच, हडकुळे, लांब तोंडाचे. दसरा-दिवाळीला जाहिराती जास्त, त्यामुळे ऐन सणासुदीत सरांचं अख्खं कुटुंब उपाशी असल्यासारखं दिसायचं.

पण खरा घाव तो नव्हता. पानं एकत्र लागायला लागली, एकच पान सगळ्या आवृत्त्यांना. मग सरांना निरोप यायला लागले. द्वारका नको, नुसतं चौक म्हणा. सीबीएस नको, बसस्टँड म्हणा. लासलगाव काढा, मार्केट लिहा, जळगाव-नगरच्या वाचकांना कळत नाही. (लासलगाव कळत नाही म्हणे! दिल्लीतल्या मंत्र्यांना कळतं.) सरांनी वर्षभर ऐकलं. ते वर्ष माझ्या वहीत आहे आणि ते वाचवत नाही. आजी आहे, पण ती कुठलीच नाही. कुठल्याही गावातल्या कुठल्याही म्हातारीसारखी ती सुनेला टोमणे मारते. मला विचाराल तर स्ट्रिप त्या वर्षीच संपली होती. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पुरवण्या आटल्या आणि त्यांच्यासोबत तीही गेली, ते नुसतं निमित्त. वाचकांना दोन ओळींची सूचनासुद्धा नाही. सोमवारी त्या जागी सुडोकू होतं.

मूळ चित्रांचं विचारलं तर सर हसले. "अगं, ऑफिसात दिलेलं चित्र परत कोण आणतं? आधी शिपाई न्यायचा, मग ते ऑफिस हललं, हलताना गठ्ठे रद्दीत गेले. पुढे मी स्कॅन करून मेल करायला लागलो, तर माझाच काँप्युटर गेला." तिकडे अमेरिकेत चार्ल्स शुल्झनं 'पीनट्स' ही स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं एकहाती काढली. शेवटची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २०००च्या रविवारी छापून आली, आणि आदल्याच रात्री तो वारला. त्याच्या किती स्ट्रिप्स आहेत हे तिकडे मोजून ठेवलंय, १७,८९७. सांता रोझा गावात त्याचं म्युझियम आहे. आमच्या सरांच्या किती, हे खुद्द सरांना माहीत नाही. शुल्झशी बरोबरी करत नाही हो, लगेच अंगावर येऊ नका. मोजायची बुद्धी तरी व्हावी, एवढंच म्हणते.

सध्या सर फेसबुकवर अधूनमधून काढतात. तेही मला पूर्ण पटत नाही आणि त्यांना मी तसं सांगितलंय. तीन आडव्या चौकटी मोबाइलवर नखाएवढ्या दिसतात, म्हणून ते एकाच चौकटीत सगळं कोंबतात. वर रंग. ब्रशच्या त्या जाड काळ्या रेघेला रंगाची गरज कधीच नव्हती. करोनाच्या काळात तर मास्क लावा, हात धुवा असली पोस्टर्सच झाली. पण मध्येच एखाद्या दिवशी आजी येते, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचा भाव ऐकते आणि विचारते, "म्हंजी किती क्विंटल?" आणि खाली साठ-सत्तर नाशिककर हिशेब करत बसलेले असतात.

तर मुद्द्याचं. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे, त्या गावात एका स्थानिक स्ट्रिपचा एक धड संच असू नये? पेपर काही करणार नाही, ते मी धरूनच चालले आहे. म्हणून मी माझ्या वह्या स्कॅन करायला घेतल्या आहेत. डिंक लावला तिथे कागद तपकिरी पडलाय, काही ठिकाणी मागच्या पानावरच्या साड्यांच्या सेलची जाहिरात आरपार दिसते, पण वाचता येतं. २००५चा पावसाळा माझ्याकडे नाही, आणि १९९९च्या आधीचं फार थोडं आहे. कुणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या पेपरात सापडलं तर कळवा. मी येऊन फोटो काढून नेईन, कागद तुमचा तुमच्याकडेच राहील.

सरांना हा बेत सांगितला तर ते म्हणाले, "पहिली पाच वर्षं वगळ, हात फार वाईट होता."

वाईट होताच. वगळणार नाहीये.