सिसेरो वाचायचा तर त्याची पत्रं वाचा

प्राचीन रोममधला वक्ता आणि राजकारणी सिसेरो, याच्या नावावरचे सुविचार रोज कुणी ना कुणी पाठवतं. त्यातले बरेचसे त्याच्या लिखाणात कुठेच सापडत नाहीत. ते पुढे ढकलण्यापेक्षा त्याची पत्रं वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. भाषणांतला सिसेरो लोकांसमोर उभा असतो. अ‍ॅटिकस या जिवलग मित्राला लिहिताना मात्र तो काहीच राखून ठेवत नाही.

थोडक्यात त्याची ओळख. जन्म इ.स.पू. १०६, आर्पिनम गावात. घराण्यात पूर्वी कुणी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी, झालेलं नाही. वकिली आणि वक्तृत्वाच्या जोरावर हा इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल झाला. सत्ता उलथवण्याचा कातिलिना या सरदाराचा कट मोडला, पण पाच जणांना खटल्याविना देहदंड दिला म्हणून पुढे हद्दपारी भोगली. सीझरचा साथीदार अँटनी याच्याविरुद्ध १४ भाषणं रचली आणि त्यापायी इ.स.पू. ४३ च्या डिसेंबरात मारला गेला. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळतं.

मला सांगायचंय ते सलामिसचं प्रकरण. इ.स.पू. ५१ मध्ये तो किलिकिया (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण भाग) प्रांताचा सुभेदार झाला. सायप्रस बेट त्याच प्रांतात होतं. तिथल्या सलामिस शहराने कर्ज काढलं होतं. वसुलीला आलेला स्काप्टियस दरमहा ४ टक्के, म्हणजे सालीना ४८ टक्के व्याज मागत होता. आधीच्या सुभेदाराने त्याला चक्क घोडदळ दिलेलं. त्या घोडेस्वारांनी शहराच्या सभागृहाला वेढा घातला आणि आत कोंडलेले पाच सभासद उपासमारीने मेले. एका कर्जासाठी!

सिसेरोने घोडदळ हलवलं. आपल्या आदेशात त्याने व्याजाची मर्यादा १२ टक्के ठेवली होती, तीच इथे लावली. त्या दराने हिशोब झाला तर देणं निघालं १०६ टॅलेंट (टॅलेंट म्हणजे चांदीच्या वजनावरचं तेव्हाचं मोठं चलनमाप). स्काप्टियस सांगत होता जवळपास २००. सलामिसकर पैसे मोजायला तयार होते. सुभेदाराला नेहमी जे द्यावं लागतं ते तुम्ही घेतलं नाहीत, तेव्हा हे एका परीने तुमच्याच पैशातून देतोय, असं ते सिसेरोला म्हणाले. मागच्या सुभेदारांच्या राज्यात लोकांनी काय सोसलं असेल, ते या एका वाक्यातून कळतं.

मग कळलं की खरा सावकार ब्रूटस आहे. हो, तोच, सीझरला मारणारा, ज्याला पुढे प्रजासत्ताकाचा रक्षक म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. अ‍ॅटिकस त्याचाही मित्र, त्यामुळे स्काप्टियसला निदान थोडे घोडेस्वार द्यावेत अशी गळ त्यानेही घातली. सिसेरोने ठाम नकार दिला. ब्रूटसला माझं वागणं पटत नसेल तर त्याच्यावर प्रेम का करावं कळत नाही, पण त्याच्या मामाला, म्हणजे सचोटीसाठी प्रसिद्ध असलेल्या केटोला, ते नक्की पटेल, असं त्याने लिहिलं. ब्रूटस काही मागतानाही उद्धटपणे लिहितो, ही तक्रारही याच पत्रव्यवहारात आहे.

इथवर वाचून ऊर भरून येतो. पण पुढे? सलामिसकरांना पैसे देवळात जमा करून मोकळं व्हायचं होतं. सिसेरोने ते होऊ दिलं नाही. स्काप्टियसच्या विनंतीवरून त्याने प्रकरण तसंच लोंबकळत ठेवलं. आपल्यामागून दुसरा कुणी आला तर या लोकांचं काय होईल, हे त्याला कळत होतं. तसं त्याने लिहूनही ठेवलंय. तरीही ब्रूटसला पूर्ण दुखवायची त्याची तयारी नव्हती. माझ्या मते सिसेरोची खरी मर्यादा इथे दिसते, कातिलिनाच्या प्रकरणात नाही. तो लाच खात नव्हता, पण प्रामाणिक अधिकाऱ्याने अर्ध्यावर सोडलेला न्याय सलामिसच्या कर्जदारांना पुरणार नव्हता.

१३४५ मध्ये इटलीतल्या व्हेरोनात पेट्रार्क या कवीच्या हाती ही पत्रं लागली. आपलं दैवत इतकं डळमळीत होतं हे पाहून त्याला इतका धक्का बसला, की त्याने चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहून जाब विचारला. मला पेट्रार्कचं पटत नाही. स्वतःची कच खाल्लेली जागा ज्याने मित्रापासून लपवली नाही, त्याच्याबद्दल माझा आदर वाढतो. सलामिसच्या त्या पाच माणसांचा मृत्यू आपल्याला ठाऊक आहे, तोही त्याने ते लिहिलं म्हणूनच.

अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांचे १६ भाग आहेत. सुरुवात पाचव्या भागातल्या २१व्या पत्रापासून करा, मग सहाव्यातली पहिली तीन. जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. मराठीत कुणी ही चार पत्रं आणायला घेत असेल तर मला जरूर कळवा, जमेल ती मदत करेन.