व्हॅटिकनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही

‘व्हॅटिकन हा स्वतंत्र देश आहे, म्हणून वेगळा व्हिसा काढा, नाहीतर रोममध्ये परतताना सिंगल एन्ट्री (एकदाच प्रवेश देणारा) व्हिसा संपतो,’ असा एक मेसेज युरोपला निघालेल्या मंडळींमध्ये फिरतो आहे. यातला पहिला भाग खरा आहे. इटलीशी झालेल्या 1929 च्या लॅटरन करारापासून रोम शहराच्या आतलं व्हॅटिकन सार्वभौम राज्य आहे, अवघ्या 44 हेक्टरचं. बाकीचं चूक.

व्हॅटिकन शेंगेन करारात (एकाच व्हिसावर युरोपातले अनेक देश फिरू देणाऱ्या करारात) नाही, पण रोमकडून सेंट पीटर चौकात जाताना पासपोर्ट तपासणी होत नाही, शिक्काही बसत नाही. त्यामुळे ‘एन्ट्री’ खर्च होण्याचा प्रश्नच नाही. भारतीय पासपोर्टवर इटलीत येण्यासाठी घेतलेला शेंगेन व्हिसा पुरतो.

त्याच मेसेजमध्ये ‘चर्चचं तिकीट आधी काढा’ असंही आहे. हे चर्च म्हणजे सेंट पीटर बॅसिलिका, आणि तिथे प्रवेश मोफत आहे. फक्त सुरक्षा तपासणीची रांग लावावी लागते, आणि ती भर उन्हात बरीच लांब असते. तिकीट लागतं ते घुमटावर चढायला आणि संग्रहालयांना. मायकेलएंजेलोच्या छतचित्रांचं सिस्टीन चॅपल संग्रहालयातूनच बघायचं, तिथे फोटो काढायला बंदी आहे. संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी प्रवेश फुकट, म्हणून गर्दीही तशीच. पोपच्या बुधवारच्या सभेचे पासही मोफतच मिळतात. ते पैसे घेऊन विकणाऱ्यांपासून लांब राहा.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर लिहिलं आहे.