फुकुहाराला सुवर्ण मिळालंच नव्हतं, दाजी

आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला. तोच पुढे सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसातल्या एकाच्या स्टेटसला दिसला, म्हणजे तुमच्यापर्यंतही पोचला असणार. डावीकडे हुंदके देणारी चिमुरडी, उजवीकडे गळ्यात पदक घातलेली तरुणी, आणि खाली मजकूर. गुलाबाची फुलं आणि हात जोडलेले इमोजी काढून टाकले तर तो एवढाच उरतो:

"जपानची आइ फुकुहारा. तिच्याआधी जपानला टेबल टेनिसमध्ये कुणी विचारत नव्हतं. तिसऱ्या वर्षी आईने हातात बॅट दिली. रोज १००० चेंडू. पोर रडायची, आई थांबायची नाही. दहाव्या वर्षी शाळा सोडून प्रोफेशनल. पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण. मग जगात नंबर वन. आणि तुमच्या मुलाच्या हातात? मोबाइल! लेकरू रडलं तरी सोडू नका, उद्या जग टाळ्या वाजवेल."

एरवी असल्या मेसेजला मी एक अंगठा देऊन मोकळा होतो. पण दाजींनी खाली लिहिलं, "उद्यापासून आपल्याकडेही १०००!" आपल्याकडे म्हणजे माझी सात वर्षांची भाची. ती यंदाच टेबल टेनिसच्या क्लासला जायला लागलीय आणि सर्व्हिस करताना अजून चेंडूकडे कमी आणि सरांच्या चेहऱ्याकडे जास्त बघते. त्यावर तीन मावश्यांनी आणि एका काकांनी "वा!" लिहिलं. म्हणून हा खटाटोप.

आधी सुवर्णाचं बघू, कारण ते निकालात काढायला दोन मिनिटं लागतात. ऑलिम्पिकच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकुहाराच्या नावाचं पान आहे. त्यावर तिची पदकं दोन: २०१२ लंडन, सांघिक रौप्य, २०१६ रिओ, सांघिक कांस्य. खेळ संपला. पंधराव्या वर्षी ती ऑलिम्पिकला गेली हे खरं, २००४ मध्ये अथेन्सला. एकेरीत शेवटच्या सोळांत पोचली. त्या वयात ही कामगिरी लहान नाही, पण सोळांत पोचणाऱ्याला कुणी पदक देत नाही. महिला एकेरीचं सुवर्ण तर १९८८ पासून २०२४ पर्यंत दर वेळी चीननेच नेलंय. जपानला टेबल टेनिसचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं ते टोकियोत, २०२१ च्या जुलैत, मिश्र दुहेरीत, जुन मिझुतानी आणि मिमा इतो या जोडीमुळे. फुकुहारा तोवर निवृत्त झालेली होती. तिने २०१८ मध्येच बॅट खाली ठेवली.

मला वाटतं, मेसेज लिहिणाऱ्याने दोन मुलींची गोष्ट एकीच्या नावावर खपवलीय. पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक पदक जिंकलं ते इतोने, रिओत, आणि तेही कांस्य. त्याच संघात फुकुहारा होती, सत्तावीस वर्षांची, वयाने सगळ्यात मोठी. आणि मेसेजमधला उजवीकडचा फोटो जरा मोठा करून बघा. पदक रुपेरी आहे हो!

नंबर वन? कधीच नाही. तिचं सर्वोत्तम जागतिक स्थान चौथं, २०१५ मधलं.

"तिच्याआधी जपानला कुणी विचारत नव्हतं" हे तर मुंबईकरांनी ऐकूनही घेऊ नये. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपान त्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. चष्मेवाला हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. त्या बॅटवरून चेंडू सुटताना टकटक आवाजच येत नसे, त्यामुळे भलेभले गोंधळले, आणि त्याने पुरुष एकेरीचं विजेतेपद नेलं. महिलांचं सांघिक विजेतेपदही जपानचंच. हे फुकुहाराच्या जन्माआधी छत्तीस वर्षं. ऑलिम्पिकमध्ये मात्र लंडनचं रौप्य हे जपानचं टेबल टेनिसमधलं पहिलंवहिलं पदक होतं, तेवढं श्रेय तिच्या संघाचं निर्विवाद.

दहाव्या वर्षी ती व्यावसायिक झाली, हे मात्र खरं आहे. नाइलाजाने मान्य करतो. पण शाळा सोडून नव्हे. पुढे ती आओमोरी यामादा या शाळेत शिकली, २००७ मध्ये वासेदा विद्यापीठात दाखल झाली. विद्यापीठ तिने खेळासाठी अर्धवट सोडलं, पण तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. स्वतःचं बरंवाईट कळण्याचं वय ते.

आता रडण्याकडे येतो. माझं डोकं फिरलं ते यावरून.

फुकुहारा लहानपणी रडायची, यात खोटं काही नाही. सेंदाईची ही मुलगी पावणेचार वर्षांची असताना खेळायला लागली, पाचव्या वर्षी आपल्या वयोगटातली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि जपानी टीव्हीने तिला उचललं. टीव्हीला काय हवं असतं? चेंडू हुकला की ओठ बाहेर काढून भोकाड पसरणारी गोंडस पोर. एका कार्यक्रमात तिला नावाजलेल्या विनोदी कलाकारासमोर उभं केलं, ती हरली, रडली, लोक हसले. तेव्हापासून अख्ख्या देशाने तिचं नाव पाडलं, रडूबाई आइ-चान. आई कडक होती, सरावातही डोळ्यांत पाणी यायचं, हेही खरं. पण जो कॅमेरा रडण्यावर रोखलेला होता, त्याला बाकीचे तास दिसणार कुठून? त्याच फिती वर्षानुवर्षं फिरतायत आणि आपण त्या बघून ठरवतोय की चॅम्पियन रडण्यातून घडतात.

मेसेजने एक गोष्ट सफाईने गाळलीय. फुकुहाराला दहा वर्षांनी मोठा भाऊ होता आणि तो खेळायचा. त्याचं बघून हिला खेळायचं होतं. घरात टेबल टेनिस आधीपासून होतं. मेसेजमधली आई आभाळातून पडल्यासारखी येते आणि पोरीच्या हातात बॅट कोंबते.

आणि ते १०००. जरा हिशोब करू. मेसेजमधले हे हजार चेंडू म्हणजे हजार फटक्यांची सलग रॅली, पोरीने एकटीने भिंतीवर चेंडू आपटणं नव्हे. रॅली म्हणजे टेबलाच्या पलीकडे दुसरा माणूस हवा, आणि तो असा हवा की त्याच्याकडून चेंडू चुकता कामा नये. दर वेळी त्याच उंचीवर, त्याच वेगाने, पोरीच्या फोरहँडला. सेकंदाला एक फटका धरला तरी न चुकता सतरा मिनिटं लागतात. चुकलं की पुन्हा एकपासून. टेबल ७६ सेंटिमीटर उंच. पावणेचार वर्षांच्या मुलीचे खांदेच जेमतेम त्याच्यावर येतात, म्हणजे चुकणार हे ठरलेलंच. फुकुहाराच्या घरी समोर उभी राहणारी व्यक्ती तिची आई होती. रोज, तासन्‌तास, स्वतःच्या पायावर. दाजी, तुमच्याकडे समोर कोण उभं राहणार? तुम्ही साडेआठला घरी येता आणि नऊच्या बातम्या लावता. मागच्या गणपतीत सोसायटीच्या स्पर्धेत तुमचे सलग चार रिटर्न नेटमध्ये गेले होते, ते मी पाहिलंय. म्हणजे हजारांतले निम्मे तुमच्यामुळे चुकणार आणि पुन्हा एकपासून मोजणार पोर.

बरं, एवढं करून फुकुहारा घडली कशी, तर त्यात रडण्याचा वाटा शोधून सापडत नाही. सापडतो तो बॅकहँड. तिच्या बॅटच्या बॅकहँड बाजूला पिंपल्सचं, म्हणजे बारीक उंचवटे बाहेर आलेलं रबर होतं, आणि टेबलाला चिकटून, चेंडू उसळताक्षणी ती तो सपाट मारायची. समोरच्याने टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी घालून पाठवलेला चेंडू तसाच, स्पिन न घेता परत गेला की त्याची लय बिघडते. हे हजार वेळा फोरहँड-फोरहँड करून येत नाही. त्यासाठी ती चिनी प्रशिक्षकांकडे शिकली, २००५ मध्ये चीनच्या सुपर लीगमध्ये लिआओनिंगकडून खेळली, तिथली बोली तिथल्यासारखी बोलायला लागली. जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धकांच्या घरात जाऊन हरत राहिली. गुण मिळाला की "सा!" अशी तिची आरोळी निघायची, ती बीजिंगमध्ये चिनी प्रेक्षकांनाही ओळखीची होती. त्याच २००८ च्या ऑलिम्पिकला जपानचा ध्वज तिच्या हातात होता. आणि देशाच्या वरिष्ठ गटातलं एकेरीचं पहिलं विजेतेपद तिला मिळालं ते जानेवारी २०१२ मध्ये, तेविसाव्या वर्षी. वीस वर्षं जवळजवळ! मेसेजमध्ये ही वीस वर्षं दोन गुलाबांच्या मधे उरकलीत.

लंडनहून पदक घेऊन परतल्यावर तिच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. ती लहानपणच्या सरावामुळेच, असं मी म्हणणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण "रडलं तरी सोडू नका" असं लिहिणाऱ्याला लहान मूल दुखतंय म्हणून रडतंय की हरलं म्हणून, हे फोटोवरून कसं कळलं, एवढं विचारायचा हक्क मला आहे.

टाळ्यांबद्दलही. रिओत उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना पाचवा सामना फुकुहाराचा होता. ती हान यिंगकडून हरली आणि जपानची अंतिम फेरी गेली. एकेरीत तिचं पदक आधीच एका पायरीने हुकलेलं. उत्तर कोरियाच्या किम सोंग इने तिला कांस्याच्या लढतीत हरवून चौथ्या जागेवर ठेवलं होतं. मग सिंगापूरला हरवून सांघिक कांस्य मिळालं तेव्हा ती ढसाढसा रडली. जग टाळ्या वाजवतं, पण त्याआधी हे सगळं असतं.

ज्यांना तरीही "तिसऱ्या वर्षी सुरुवात केली नाही तर गाडी चुकली" असं वाटतंय त्यांनी कासुमी इशिकावाचं नाव शोधावं. फुकुहाराची लंडन आणि रिओ दोन्हीकडची सहकारी. ती खेळायला लागली सातव्या वर्षी, शाळेत पहिलीत असताना. तिची ऑलिम्पिक पदकं तीन आहेत: लंडनचं रौप्य, रिओचं कांस्य, टोकियोचं रौप्य. फुकुहारापेक्षा एक जास्त. तिच्या लहानपणच्या रडण्याची फीत कुणी फिरवत नाही, म्हणून तिचा मेसेजही होत नाही.

मोबाइलचा मुद्दा राहिला. तो मेसेज दाजींनी रात्री पावणेबाराला मोबाइलवरूनच टाकला होता.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर ताईने एवढंच विचारलं, "मग १००० नाही तर किती?" ते क्लासच्या सरांना विचार म्हटलं. दाजींनी अजून ब्लू टिकच्या पुढे काही केलेलं नाही.