'आधी काम, मग पैसे': एका फॉरवर्डला उत्तर

लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाला की एक फॉरवर्ड हटकून फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. अमेरिकेत काम केल्याशिवाय सरकार दमडी देत नाही, म्हणून तिथले गरीब कामाला लागले. आपल्याकडे घरबसल्या 1500 मिळतात, म्हणून शेतात बाया मिळेनात. तेव्हा प्रत्येक लाभार्थीला महिन्यातले दहा दिवस काम किंवा प्रशिक्षण सक्तीचं करा, बोगस लाभार्थी आपोआप गळतील. हे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, चार बुकं वाचलेली माणसं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"अमेरिकेत दमडी देत नाहीत." देतात. अन्नासाठीची स्नॅप योजना, म्हणजे जुने फूड स्टॅम्प, लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना कामाची अट न घालता मिळते. कडक अट आहे ती धडधाकट प्रौढांना: महिन्याला 80 तास काम किंवा प्रशिक्षण दाखवा, नाहीतर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत. पूर्वी ही अट वयाच्या पन्नाशीच्या आत संपायची, 2025 च्या कायद्याने ती 64 पर्यंत ताणली. इतकं खरं.

"अटीमुळे लोक कामाला लागले." हा दावा जरा निवांत बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. 1996 मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला कामाची अट लागली आणि केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरासाठी 60 महिन्यांची मर्यादा आली. पुढच्या काही वर्षांत एकट्या आया मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच काळात अर्थव्यवस्था तेजीत होती, आणि कमी पगारावर काम करणाऱ्यांना करातून परतावा देणारी योजना 1993 मध्ये भरपूर वाढवली होती. श्रेय नेमकं किती कशाला द्यायचं यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. मदतीचं काय झालं यावर मात्र भांडण नाही. 1996 मध्ये मुलंबाळं असलेल्या दर 100 गरीब कुटुंबांपैकी 68 कुटुंबांना रोख मदत मिळायची; 2020 मध्ये 21. गरिबी काही त्या प्रमाणात घटली नाही.

त्याहून स्वच्छ उदाहरण आर्कान्सा राज्याचं. जून 2018 पासून तिथे सरकारी आरोग्यविम्याला, म्हणजे मेडिकेडला, हीच 80 तासांची अट लावली, सुरुवातीला 30 ते 49 वयाच्या लोकांना. तास भरले हे दर महिन्याला कळवायचं, आणि तेही सुरुवातीला फक्त ऑनलाइन. आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद! दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाने कामाचा पुरावा कधी भरायचा, हे बहुधा कुणी विचारलंच नाही. काही महिन्यांत 18,000 हून जास्त लोकांचा विमा गेला. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने योजना थांबवली. नंतर संशोधकांनी पाहणी केली तर रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. ज्यांना अट लावली त्यांच्यातले 95 टक्क्यांहून जास्त लोक आधीच काम करत होते किंवा नियमानेच अटीतून सूट मिळायला पात्र होते. म्हणजे सापडले ते आळशी नव्हेत, अर्ज भरता न आलेले. आता हीच अट जानेवारी 2027 पासून तिथे देशभर लागू व्हायची आहे. तेव्हा अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी आर्कान्सा एकदा नकाशात शोधावं.

"फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो." नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, इंडोनेशिया, मोरोक्कोसह सहा देशांतल्या सात प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली. रोख मदत मिळालेल्यांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा कुठेच सापडला नाही. आणि आपल्याकडे रक्कम तरी केवढी? 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोहयोची, म्हणजे रोजगार हमी योजनेची, मजुरी रोजची 312 होती. महिन्याचा हप्ता पाच दिवसांच्या मजुरीइतकाही भरत नाही. एवढ्यावर कुणी महिनाभर खाटेवर पडून राहत असेल तर तिच्या काटकसरीचं प्रशिक्षण अर्थखात्याला द्यायला हवं.

शेतात बाया मिळत नाहीत ही तक्रार मात्र थापेबाजी नाही. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी अंगावर एकत्र येते, त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि गावातली तरुण पोरं केव्हाच चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत गेलेली असतात. ही ओरड लाडकी बहीण येण्याच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा दोष रोहयोच्या माथी मारत. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोहयोच्या जागी आणलेल्या नव्या कायद्यात तर हंगामात 60 दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदच आहे. मजूर हवेत तर हंगामात मजुरी वाढते, ती वाढू द्यावी. बाईच्या हातात 1500 आल्यामुळे ती पडेल भावाने यायला नाही म्हणत असेल, तर ते दुखणं मालकाचं आहे, तिचं नव्हे.

आणि "घरबसल्या" म्हणजे काय हो? सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88 मिनिटं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं याच्याशिवाय वेगळं.

आता मूळ सूचना: महिन्यातले दहा दिवस सक्तीचं काम. आठ तासांचे दहा दिवस म्हणजे 80 तास, अमेरिकेइतकेच. 1500 भागिले 80, तासाला पावणेएकोणीस रुपये. रोहयोचा 2025-26 चा दर तासाला 39 पडत होता. निम्म्याहून कमी दरात सरकारने बाईला राबवायचं, अशी ही सूचना आहे. 1983 मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात, संजित रॉय प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मदतीचं काम असलं तरी किमान वेतनाहून कमी देता येणार नाही. तसं देणं ही घटनेच्या कलम 23 खाली वेठबिगारी ठरते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वेठबिगार नको असेल, असं मी धरून चालतो. मग पुरती मजुरी द्या. पण मग ती मदतीची अट उरत नाही, ती नोकरी होते.

आणि नेमकं हेच महाराष्ट्राने करून दाखवलं होतं. कामाच्या बदल्यात मदत ही कल्पना अमेरिकेतून आणायची गरज आपल्याला कधीच नव्हती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 मध्ये तासगावात प्रयोग झाला. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडण्याची कामं निघाली, आणि 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं त्या मस्टरांवर होती. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याचा खर्च भागवायचं ठरलं. त्यात काम कष्टाचं होतं, उन्हातलं होतं. गरज नसलेला माणूस तिकडे फिरकत नसे. इथवर फॉरवर्डवाले खूश होतील. पण अट कुणावर होती ते बघा. मागेल त्याला काम द्यायची सक्ती सरकारवर होती. 2005 च्या केंद्रीय कायद्यातही तोच सांगाडा होता: नमुना 4 भरून काम मागा, 15 दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. कामावर पाणी, सावली, आणि लहान पोरं पाच किंवा त्याहून जास्त असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही. काम कोण देणार, कुठे देणार, तान्ह्याला कोण बघणार, मस्टर कोण भरणार, याबद्दल अवाक्षर नाही.

प्रशिक्षणाचं तर ताजं उदाहरण हाताशी आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, लोकांच्या तोंडी "लाडका भाऊ". बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000, सहा महिने कार्यालयात किंवा कारखान्यात शिकायचं. कल्पना वाईट नाही, आणि कारखान्यात खरोखर यंत्र हाताळायला मिळालेल्यांचा फायदाही झाला असेल. पण सरकारी कार्यालयांत लागलेल्यांचं काय? सहा महिन्यांनी पुढे जागाच नव्हत्या. मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवावी लागली, आणि तीही संपत आल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून आंदोलनाला उतरले. ही पोरं आळशी होती असं कुणी म्हणेल का? पुढची नोकरी कुठली, याचं उत्तर नसताना शिकवलं की असंच होतं.

राहिला "बोगस आपोआप गळतील" हा मुद्दा. बोगस आहेत, हे कबूल. 2025 च्या पडताळणीत 26 लाखांहून जास्त लाभार्थी संशयास्पद ठरवून त्यांचे पैसे थांबवले, आणि चक्क पुरुषांनीही हप्ते उचलल्याचं बाहेर आलं. पण ते सापडले ते सरकारी नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर; त्यासाठी कुणाला घमेलं उचलायला लावावं लागलं नाही. उलट हजेरीची अट फसवणूक थांबवते का, हे रोहयोत दिसलंय. 2023 पासून तिथे ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की भलतेच फोटो, फोटोचे फोटो चढवले जाताहेत. ज्याला खोटं मस्टर भरता येत होतं त्याला खोटा फोटोही चढवता आला. रेंज नसलेल्या पाड्यावरच्या खऱ्या मजुराचा दिवस मात्र बुडाला. लाडकी बहीणच्या ई-केवायसीतही तेच झालं: नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, आणि ज्यांना दोघेही नाहीत त्या विधवा आणि टाकलेल्या बायका अडकल्या, त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. यावर महिन्याला 80 तासांचा दाखला आणखी लावला, तर तो सही करून घेण्यासाठी सर्वांत आधी कोण पोचेल आणि कोण पोचणार नाही, हे गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा.