‘मेजरला असलं विचारू नका’: एका फॉरवर्डला उत्तर

पंधरवड्यात एकच मेसेज सोलापुरातल्या तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला: ‘फौजी मनाने पोलादी असतो. माजी सैनिकाला आत्महत्येबद्दल विचारू नका, नसलेला विचार डोक्यात भरतो. मानसोपचाराची नोंद झाली की पेन्शन अडकते. आणि ज्याने ठरवलंय त्याला डॉक्टर काय थांबवणार?’ खाली जय हिंद. हेतू चांगला असेल, पण यातलं एकही वाक्य टिकत नाही. माझा दवाखाना होटगी रस्त्याला आहे. आसपासच्या गावांतले बरेच ‘मेजर’ माझ्याकडे येतात. आपल्याकडे पेन्शनवर आलेला प्रत्येक फौजी मेजरच, हुद्दा कुठलाही असो.

आधी पेन्शनचं बघू, कारण खरी भीती तिथे आहे आणि ती अगदीच हवेतली नाही. नोकरीत असताना जवानाची तब्येत ‘शेप’ या श्रेणीत मोजतात. त्यातलं पहिलं अक्षर मनाचं. तिथे कॅटेगरी लागली, म्हणजे श्रेणी खाली आली, तर पोस्टिंग आणि बढतीवर परिणाम होतो. त्यामुळे पंधरा-वीस वर्षं माणूस ‘सब ठीक है, सर’ म्हणायला शिकतो, आणि काळ्या ट्रंकेबरोबर ती सवयही घरी येते. पण पेन्शन मिळते ती केलेल्या नोकरीची. मानसोपचार घेतले म्हणून ती बंद होत नाही. ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, मनाच्या आजारावरही उपचार होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय. याच कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरावं, त्याला शिक्षा करू नये. केस होईल या धास्तीने डॉक्टरपासून लपवालपवी करणाऱ्या घरच्यांनी हे जरूर वाचावं.

‘विचारलं की विचार भरतो’ या समजाची जागतिक आरोग्य संघटना गैरसमजातच गणना करते. अभ्यासांतही विचारल्याने धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, त्यात माझी चूकही आहे. एक मेजर तीनदा पाठदुखी घेऊन आले. तिन्ही वेळा मी बीपी बघितलं, गोळ्या लिहिल्या. चौथ्यांदा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “रात्रभर ओट्यावर बसत्यात.” तेव्हा कुठे मी सरळ विचारलं, “मेजर, जगणं नको वाटतंय का? जीव द्यायचं मनात येतं का?” बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “येतंय की डॉक्टर. कुणी इचारलंच नाही.”

अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलंय, आत्महत्या केलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं शेवटच्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेली त्याहून खूप कमी. म्हणजे प्रश्न आम्हीच विचारायचा, साध्या दवाखान्यातल्यांनी.

पोलादाबद्दल थोडंच. चाळिशीच्या आत-बाहेर माणूस पेन्शनवर येतो, आणि कालपर्यंतची पलटण, कामं, रोल कॉल एका दिवसात संपतं. उरतं बँकेचं गेट नाहीतर दोन एकर, आणि कॅन्टीनची बाटली.

‘ठरवलेला थांबत नाही’ हे सर्वांत घातक. ती ऊर्मी बहुतेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ निभावला पाहिजे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या पाच रुग्णालयांत आपत्कालीन विभागातल्या रुग्णांसोबत बसून एक कागद तयार केला: मन बिघडायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा. नंतर पाठपुराव्याचे फोन केले. २०१८ साली निष्कर्ष आले. पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी होतं. त्या वेळी साधन हाताशी नसणंही महत्त्वाचं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीची औषधं घरातच असतात. ती कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. परवान्याची बंदूक असेल तर पोलीस ठाण्यात जमा करता येते.

त्या मेजरांसोबत हे सगळं केलं. कागद त्यांच्या खिशात आहे. त्यावर भावाचा नंबर, पलटणीतल्या एका दोस्ताचा, माझा, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पहिल्या दिवशी मी सोबत गेलो, कारण एकटे गेले नसते.

दर मंगळवारी येतात. पाठ अजून दुखते म्हणतात.