पान वाढायच्या आधी सांगावे

दूध, दही, ताक, तूप, मध, अंडी आणि मासे यांतले काहीही मी गेली सहा वर्षे खात नाही. याला व्हीगन म्हणतात. हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली तेव्हाचा आहे, आणि मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात तो उच्चारून मला आजवर काहीही साधलेले नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि पानात दहीभात वाढतो. शाकाहारी म्हटले तरी तेच होते, कारण आपल्या शाकाहारात दूध धरलेलेच असते. बिस्किटाच्या पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्यावरूनही आत दुधाची भुकटी आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. व्हीगन पदार्थांसाठी 2022 साली सरकारी नियम झाले आणि वेगळे चिन्हही ठरले, पण आमच्या आठवडा बाजारात ते चिन्ह मला अजून दिसलेले नाही.

मी हे का सोडले, ते आधी सांगते. आमच्याकडे दोन गाई होत्या. धार काढण्यापूर्वी वासराला सोडायचे, त्याने चार ढुसण्या दिल्या आणि गाईने पान्हा सोडला की त्याला दाव्याने ओढून खुंट्याला बांधायचे, हे काम लहानपणी माझ्याकडे होते. ओढताना त्याच्या तोंडाला फेस असे आणि मान गाईकडे वळलेली असे. आजोबा वासरासाठी एक सड राखून ठेवत, त्यांना मी दोष देत नाही. पण हाताला लागणारा तो कोमट फेस मी विसरू शकले नाही.

खाण्याचे हाल होत असतील, असे लोकांना वाटते. उलट, ज्या किनाऱ्यावर नारळ दुधाचे काम करतो तिथे जन्मले हे मी माझे भाग्य समजते. काळ्या वाटाण्यांचे सांबार आणि आंबोळी, ओल्या काजूंची उसळ, कुळथाची पिठी, कच्च्या फणसाची भाजी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेले शिरवाळे, यांतल्या कशालाही दुधाचा थेंब लागत नाही. कॅल्शियमची चौकशी करणाऱ्यांना मी नाचणीची भाकरी दाखवते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बी-12 जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी मी नियमाने घेते आणि हे पथ्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाला तेच बजावते. खानावळीत तीन प्रश्न पुरतात: सोलकढीत ताक आहे का, वांग्याच्या भाजीत सुका जवळा घातला आहे का, आणि चपातीला तूप लावले आहे का.

कठीण जाते ते माणसांना नाही म्हणणे. कुणाच्या घरी कोरा चहा मागितला की घरच्या बाईचा चेहरा उतरतो, कारण घरात दूध नव्हते म्हणून पाहुणीला कोरा चहा दिला, असे उद्या कोणी म्हणेल ही भीती तिला असते. ही भीती खोटी नाही, आणि तिची दखल न घेता आपल्या तत्त्वाचे घोडे पुढे दामटणाऱ्यांशी माझे पटत नाही. शेजारी मासेमारीवर जगणारी घरे असताना त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांना शिकवण देणार नाही.

हे टाळण्यासाठी पहिली दोन वर्षे मी खोटे बोलले. डॉक्टरांनी दूध बंद केले आहे, असे सांगत असे, कारण पथ्य म्हटले की कोणी वाद घालत नाही. मग एकदा कळले की आत्याने ग्रामदेवतेच्या देवळात माझ्या पोटाच्या दुखण्यासाठी गाऱ्हाणे घातले होते. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. त्याच संध्याकाळी तिच्या पडवीत बसून मी सगळे खरे सांगितले, वासराचेही. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, “मगे ह्या आदी सांगूक काय झालेला तुका?”

त्या वर्षीच्या चतुर्थीला तिने उकडीत तुपाऐवजी खोबरेल घातले. मोदकांवर तुपाची धार सोडण्याआधी पाच मोदक वेगळ्या हळदीच्या पानावर काढले आणि ते पान झाकून फळीवर ठेवले.

तेव्हापासून मी पान मांडल्यावर काही सांगत नाही. आमंत्रण आले की त्याच दिवशी फोन करते, आणि व्हीगन हा शब्द न वापरता काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगते. काय चालते तेही सांगते, कारण रांधणाऱ्या बाईला त्याचीच जास्त गरज असते. लग्नाच्या पंगतीत हे जमत नाही, तिथे मी घरून जेवून जाते आणि वाढपाला मदत करते.

राहिले पंचामृत. गेल्या वर्षी आरतीनंतर भटजींनी पळी पुढे केली, मी हात जोडून नुसते पाणी मागितले आणि ते सगळ्यांदेखत “देवापुढे कसली पथ्ये?” असे म्हणाले. आईने मान खाली घातली. त्यांचे उत्तर मला पटले नाही, पण मी तरी त्यांना आधी कुठे काही सांगितले होते? यंदा चतुर्थीच्या आठवडाभर आधी मी त्यांच्या घरी जाणार आहे. आई म्हणाली, तीही सोबत येईल.